दोन लाल औषधं, एक बाटली

घाटकोपरला पंतनगरात आमच्या बिल्डिंगमध्ये एखादी नवी नवरी राहायला आली की दोन दिवसांत तिला कुणीतरी हमखास सांगायचं, "संसार शिकायचाय ना? मग दुसऱ्या मजल्यावरच्या नलिनीवहिनींकडे जाऊन बस!"

आणि ते खोटं नव्हतं. नलिनीवहिनींच्या घरात काही वाया जायचं नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी, मुलांच्या वह्यांतली कोरी पानं शिवून केलेली नवी वही. साबणाची चकती झिजून पापुद्र्याएवढी झाली की ती नव्या वडीला चिकटायची. नवरा नंदकुमार सरकारी कचेरीत कारकून, दोन लहान मुलं, आणि गावी सासूसासरे. पण त्या घराला कधी कुणापुढे हात पसरावा लागला नाही. ही बाई खरोखर कौतुकाचीच होती, हे मी आधी स्पष्ट सांगून ठेवतो. कारण पुढे जे घडलं ते एखाद्या आळशी, बेफिकीर बाईच्या हातून घडलेलं नाही.

त्यांच्या फडताळात बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात उरलेली औषधं! अर्धी पट्टी गोळ्या, तळाशी राहिलेलं मलम, आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून आणलेल्या मिक्स्चरच्या बाटल्या. ताप उतरला, खोकला थांबला की उरलेलं औषध डब्यात. बिल्डिंगमध्ये कुणाचं पोट दुखो, कुणाचा दात ठणको, बाया दवाखान्याच्या आधी वहिनींच्या दारात. "वहिनी, तुमच्याकडे काही आहे का हो?" वहिनी डबा उघडायच्या आणि द्यायच्या. एक पैसा घ्यायच्या नाहीत. आपण चार घरांच्या उपयोगी पडतो याचा त्यांना केवढा अभिमान!

आता तुम्हाला आठवत असेल, दवाखान्यात मिक्स्चर हवं असेल तर बाटली आपली न्यावी लागायची. कंपाउंडर सीतारामभाऊ खिडकीतून आधी तेच विचारायचे, "बाटली आणली का?" मग औषध भरून, कागदाची कातरलेली पट्टी बाटलीला चिकटवायची. एका खाचेपर्यंत एक डोस. बस्स, एवढंच. त्यावर ना औषधाचं नाव, ना पेशंटचं.

त्या सोमवारी वहिनींच्या धाकट्याचं, परागचं, पोट बिघडलं. दवाखान्यात निघाल्या आणि पाहतात तर एकही बाटली रिकामी नाही. डब्यात दोन बाटल्यांत लाल औषध निम्मं निम्मं उरलेलं. एक मृणालिनीच्या, म्हणजे मोठ्या मुलीच्या, खोकल्याचं. दुसरी, सासरे अण्णा मागच्या महिन्यात गुहागरहून येऊन राहिले होते, त्यांची. अण्णांनाही खोकला होताच. रंग तोच, वासही साधारण तोच. वहिनींनी एका बाटलीतलं दुसरीत ओतलं, मोकळी झालेली बाटली विसळली आणि निघाल्या. नव्या बाटलीचे पैसे वाचले! संध्याकाळी नवऱ्याला त्यांनी हसत हसत सांगितलंसुद्धा.

गुरुवारी दुपारी तळमजल्यावरची शेवंती वर आली. तिचा नवरा गुणाजी आधी गिरणीत होता. संपानंतर गिरणी सुटली आणि आता तो विक्रोळीला एका गोदामात हमाली करत होता. तिची लता अडीच वर्षांची, काडीसारखी पोर.

"वैनी, लताक खोकलो लागलोहा. रात्रभर डोळ्याक डोळो नाय. तुमच्याकडे काय असा?"

"अगं, आहे ना! मृणालिनीचं आहे. झकास लागू पडतं. बस, मीच पाजते."

वहिनींनी पोरीला मांडीवर घेतलं, नाक धरलं आणि एक चमचा पाजला. पोर खोकतच होती, म्हणून आणखी एक. "गोड आहे की नाही गं?" म्हणत पदराने तिचं तोंड पुसलं.

तासाभराने जिन्यात किंकाळी ऐकू आली.

"वैनी! माजा चेडू डोळे उघडना नाय गो! वैनी!"

शेवंतीच्या हातांत लता लोंबत होती. मान एकीकडे, हात एकीकडे. हाका मारल्या, गालावर पाणी मारलं, चिमटा काढला. पोरीच्या पापण्या हलेनात. श्वास चालू होता, पण किती सावकाश! दोघी पायांत चपला न घालताच धावल्या, पुढे वहिनी, मागे पोरीला छातीशी धरून शेवंती.

दवाखाना दुपारचा बंद. डॉक्टर घरी जेवायला गेलेले. सीतारामभाऊ एकटेच आत बसून कागदाच्या पट्ट्या कातरत होते. त्यांनी पोरीला टेबलावर घेतलं, पापणी उघडून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय दिलंत हिला?"

"काय नाय ओ! खोकल्याचा औषध. वैनींनी दिला ता."

सीतारामभाऊ वहिनींकडे वळले. "कुठलं औषध? कुणाचं?"

"आमच्या मृणालिनीचं. तुमच्याच इथलं."

"खोकल्याच्या औषधाने पोर अशी पडत नाही वहिनी. आठवून सांगा. दुसरं काही?"

वाचकहो, त्या क्षणी वहिनींच्या मनात काय आलं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. बोलले तर आयुष्यभराची अब्रू जाणार. नाही बोलले तर कुणाला कळणार? बाटली घरात, आपल्याच डब्यात. किती वेळ गेला असेल? तीन श्वास, चार श्वास. टेबलावरची पोर तेवढेही श्वास घेत नव्हती.

"भाऊ, त्यात अण्णांचंही होतं!" वहिनी ओरडल्याच. "आमच्या सासऱ्यांचं. मी दोन बाटल्या एक केल्या. दोन्ही लाल होत्या हो, दोन्ही खोकल्याच्या!"

"अण्णांना खोकल्याचं पिवळं दिलं होतं!" सीतारामभाऊंचा आवाज चढला. "लाल होतं ते झोपेचं! रात्री झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी दिलेलं! अहो वहिनी, काय केलंत हे?"

अरे देवा! पिवळी बाटली अण्णांनी गावी जाताना पिशवीतून नेली होती. लाल नको म्हणून इथेच ठेवली होती. शेवंतीला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा ती रडली नाही. नुसती वहिनींकडे पाहत राहिली. ती नजर वहिनी अजून विसरलेल्या नाहीत.

पण थांबायला वेळ होता कुठे? सीतारामभाऊंनी औषधाचं नाव आणि प्रमाण कागदावर खरडलं, रिक्षा अडवली, दोघींना आत ढकललं आणि स्वतः रिक्षावाल्याशेजारी टेकले. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात पोरीच्या नाकातून नळी घालून पोट धुतलं. शेवंतीला बाहेर बसवलं होतं. वहिनी भिंतीशी उभ्या. शेवंतीच्या शेजारी बसायची त्यांची हिंमत झाली नाही.

"टाकवेना हो भाऊ," त्या रडत म्हणाल्या. "चांगलं औषध, पैसे मोजून आणलेलं. मोरीत कसं ओतू? कुणाला उपयोगी पडेल म्हणून ठेवत होते मी."

सीतारामभाऊ एरवी फार कमी बोलणारे. पण त्या दिवशी ते बोलले.

"वहिनी, दोडक्याच्या शिरा टाकू नका, मी नाही म्हणत नाही. पण औषध म्हणजे काल उरलेला भात नव्हे, की परतून दुसऱ्याला वाढला! ते एका माणसाचं, एका दुखण्याचं आणि एका वजनाचं असतं. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला जे झोपवतं ते अडीच वर्षांच्या पोरीला कायमचं झोपवेल. तुम्हाला दया आली, मान्य. पण दया आली तर पोरीला उचलून दवाखान्यात आणायचं. डॉक्टरांनी गरिबाला कधी परत पाठवलंय का? आणि खरं सांगू? आमचंही चुकलंच. बाटलीवर नाव लिहायचा आम्हाला कंटाळा. उद्यापासून नाव लिहिल्याशिवाय माझ्या खिडकीतून एक बाटली जाणार नाही."

दिवेलागणीच्या सुमारास आतून रडण्याचा आवाज आला. चिरका, रागावलेला, भुकेला. शेवंती उठून धावली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "काय पोटात गेलंय ते लगेच कळलं म्हणून बरं झालं. नाहीतर आम्ही शोधत बसलो असतो आणि..." वहिनी भिंतीला डोकं टेकून ढसाढसा रडल्या.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर बायकांची ही गर्दी! आणि बोलणं काय? "ही शेवंती तरी कशी! पोरीला काय पाजलं कोण जाणे." "अहो, अडाणी ती. लक्ष नको का आईचं?" वहिनी हंडा घेऊन जिना उतरत होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि पायरीवरच थबकल्या. म्हणजे पोर हिची मरता मरता वाचली, आणि बोलही हिलाच!

हंडा खाली ठेवून वहिनी सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "शेवंतीने काही पाजलं नाही. मी पाजलं. बाटलीत काय आहे ते मला माहीत नव्हतं, तरी पाजलं. बोलायचं तर मला बोला."

नळ तसाच वाहत राहिला, बंद करायचं कुणाला सुचेना. वनमालाबाई, बिल्डिंगमधल्या सगळ्यांत वयस्कर, हळूच म्हणाल्या, "अगं नलिनी, माझ्या नातवाला परवा तूच दिलेली गोळी मी घातली होती." मग दुसरी बोलली, मग तिसरी. प्रत्येकीचा चेहरा पांढराफटक. आपल्याही घरात काल हेच होऊ शकलं असतं! त्या दिवशी दुपारी आमच्या बिल्डिंगमधल्या किती मोऱ्यांतून लाल-पिवळी औषधं वाहून गेली, याची गणती नाही.

रविवारी शेवंती लताला कडेवर घेऊन वर आली. वहिनींनी हात जोडले.

"ऱ्हवांदे वैनी," शेवंती म्हणाली. "तुमी सगळ्यांसमोर खरा बोललात, म्हणान माजो घोव गप झालो. तोपर्यंत तो माकाच बोलत होतो. पण एक सांगतंय. परत कोणाच्या पोराक तुमच्या हातान औषध देव नकात."

"नाही देणार गं," वहिनी म्हणाल्या. "तुझ्या लताची शपथ घ्यायचाही मला हक्क नाही, पण नाही देणार."

बंधुभगिनींनो, काटकसर हा संसाराचा मोठा गुण आहे. ती जरूर करा, मुलांनाही शिकवा. दिलदारपणाही करा. पण ज्या बाटलीत काय आहे हे आपल्याला नक्की ठाऊक नाही, ती लेकराच्या ओठाला लावून वाचवलेल्या पैशाला काटकसर म्हणत नाहीत. आणि चूक झालीच, तर ती झाकण्यात एक श्वासही घालवू नका. टेबलावरच्या पोरीकडे मोजकेच श्वास असतात.