यागोदाचं तीन आठवड्यांचं मौन

प्रोफेसर स्मिल्काबाईंच्या गळ्याभोवती जूनमध्येही लोकरी रुमाल असे, आणि त्यांच्या वर्गाची खिडकी शेवटची कधी उघडली होती ते इमारत बांधणाऱ्यांनाच ठाऊक. दार आणि खिडकी दोन्ही उघडी राहिली की मधून जो वारा फिरतो त्यानं माणूस मरतो, यावर अख्ख्या सर्बियात दुमत नाही. पण बाईंच्या मते साधी माणसं नुसती मरतात. गाणाऱ्यांचा आवाज जातो.

यागोदा त्यांच्याकडे गायन शिकत होती, चौथ्या म्हणजे शेवटच्या वर्षाला. तिची आई लेस्कोवात्स गावच्या बाजारात मिरच्या विकायची आणि तिची हाक पलीकडच्या बसथांब्यावरच्या माणसालाही वळून बघायला लावायची. मुलीनं तोच गळा घेतला होता. विद्यापीठानं तिला फक्त त्याची लाज वाटायला शिकवलं होतं. यंदाच्या, वर्षअखेरच्या जलशातलं शेवटचं गाणं तिच्या वाट्याला आलं होतं. ऑपेराचे संचालक तेवढ्या एका गाण्यापुरते जागे असतात अशी ख्याती होती, आणि यंदा त्यांना ऑपेरात गायला एक मुलगी हवी होती. एकच.

गाणं मिळून आठवडा होतोय तोच बाईंनी तिला जवळ बोलावलं.

"बाळ, आवाज दमलाय तुझा."

"नाही हो बाई, मला तर..."

"बघ! ह्या 'नाही'तसुद्धा दमणूक ऐकू येतेय. तीन आठवडे मौन. कुजबुजायचंही नाही. कुजबुज ओरडण्याहून वाईट."

यागोदानं गळ्यात वही अडकवली. विद्यापीठाच्या खाणावळीत ती लिहून दाखवू लागली की वाढणाऱ्या रुझाबाई खेकसायच्या, "निबंध नको लिहूस, बोट दाखव! मागे रांग आहे." संध्याकाळी आईचा फोन यायचा. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. "किती छान ऐकतेस गं हल्ली," आई म्हणाली, आणि वडील गेल्यापासून कधी न बोललेलं एकेक सांगत सुटली. बाईंचा उपाय अगदीच वाया गेला नाही, असं यागोदाला वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी वर्गात जाहीर केलं, "तोवर ते गाणं जरा इस्क्रा सांभाळेल." इस्क्रा त्यांच्या बहिणीची मुलगी, आवाज गोड, पण तिसऱ्या रांगेपर्यंत जाता जाता धापा टाकणारा. "यागोदा, तुझी काही हरकत?"

यागोदानं घाईघाईनं 'आहे' असं लिहून वही उंच धरली.

"अगं बाई, माझा चष्मा कुठाय?" चष्मा रुमालावर लोंबत होता. "असो. काही म्हणाली नाही ना? गुणाची पोर!"

पियानोवर लाझारकाका होते. तीस वर्षं साथ करत होते आणि पियानोवरच शब्दकोडं पसरून तेही सोडवत होते. वर्ग सुटल्यावर कोड्यातून डोकं न काढताच ते म्हणाले, "पोरी, एकदा घशाच्या डॉक्टरला दाखव."

डॉक्टरनं आत दिवा घालून पाहिलं. "ह्या गळ्यानं खुशाल बाजार उठवावा," तो म्हणाला आणि तसं जरा सभ्य शब्दांत लिहून दिलं. ती चिठ्ठी मात्र बाईंनी चष्म्याशिवाय वाचली. "डॉक्टरांना घसा कळतो गं. आवाज कळत नाही."

तरी यागोदा गप्पच राहिली. न जाणो, बाईंचंच खरं असलं तर? चार वर्षं त्यांचंच खरं होत आलं होतं.

तीन आठवडे संपले त्या दिवशी रंगीत तालीम होती. शेवटच्या रांगेत विभागप्रमुख पेंगत होते. कार्यक्रमपत्रिका छापून आली होती. शेवटच्या गाण्यापुढे इस्क्राचं नाव.

"तर मग ठरलं. कुणाला काही म्हणायचंय?" बाईंनी विचारलं आणि सवयीनं चष्मा काढून ठेवला.

यागोदानं वही उघडली, त्या कोऱ्या पानाकडे पाहिलं आणि मिटली.

"मला म्हणायचंय! ते गाणं माझं आहे!"

ती ओरडली नाही. आवाज पोटातून निघाला, भरदार आणि सरळ, थेट लेस्कोवात्सच्या बाजारातून आल्यासारखा. विभागप्रमुख खडबडून उभे राहिले. लाझारकाकांनी कोड्यातून मान वर केली. हे चार वर्षांत प्रथमच घडत होतं.

"बाई, हिच्याकडे चार वर्षं मागत होतात तो हाच ना आवाज?" त्यांनी भाबडेपणानं विचारलं.

"विलक्षण!" विभागप्रमुख म्हणाले. "कसं जमवलंत हे?"

स्मिल्काबाईंनी भाचीकडे पाहिलं, विभागप्रमुखांकडे पाहिलं, गळ्याचा रुमाल सारखा केला.

"मौन," त्या म्हणाल्या. "माझी स्वतःची पद्धत आहे."

आता पद्धत म्हटली की दाखवायला नमुना हवा. पत्रिका नव्यानं छापली गेली. जलशात संचालक शेवटपर्यंत जागे राहिले आणि सप्टेंबरपासून यागोदाला ऑपेरात घ्यायचं ठरलं. बाईंनी हारतुरे स्वीकारले, फक्त दाराकडे पाठ केली नाही, कारण दार उघडं होतं आणि वारा येत होता.

पुढच्या सोमवारी खाणावळीत रुझाबाईंनी कपाळाला हात लावला. रांगेत सतरा जणांच्या गळ्यात वह्या. सगळ्यांत पुढे इस्क्रा. तिनं काही खरडलं आणि वही यागोदापुढे धरली: 'मला खरंच मौनाची गरज आहे का?'

यागोदाला तिची दयाच आली. "मावशीला विचार," ती म्हणाली. "पण तोंडानं."

मावशी येत नाही ना, म्हणून इस्क्रानं दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"आधी जेवू दे गं," ती पुटपुटली.