तळघरातला चौथा गडी

या नोकरीत हिलरी एन्टविसलचा फायदा काय होता, ते आधी बघू. बसायला खुर्ची. शनिवार-रविवार सुट्टी. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर दिवसभर उभं राहून सुजणाऱ्या पायांना कायमचा आराम. त्रेपन्नाव्या वर्षी एवढं पदरात पडत असेल तर कुठलीही बाई विचार करणारच. तोट्याच्या रकान्यात तिला काहीच दिसेना, आणि गल्ल्यावर येण्याआधी बँकेत तीस वर्षं काढलेल्या बाईला खरं तर तिथंच शंका यायला हवी होती.

काम म्हटलं तर सोपं. ओव्हरबेक गावच्या दवाखान्यात काही माणसं दुखतंय म्हणून येत नसत, घरात बोलायला कुणी नाही म्हणून येत. डॉक्टर त्यांना सोशल प्रिस्क्रायबरकडे धाडत. तिनं गोळ्यांच्या जागी माणसं लिहून द्यायची: गाण्याचा गट, बागकाम, विणकाम. हे काम करणारी रूथ ओल्डरॉइड निवृत्त व्हायला आली होती. सहा आठवडे तिच्या हाताखाली उमेदवारी करायची, शेवटच्या शुक्रवारी अहवाल द्यायचा, आणि एखादं जरी माणूस मार्गी लागलेलं दिसलं तर जागा हिलरीची.

"नियम एकच," रूथनं बजावलं. "पहिल्या वेळी आपण सोबत जायचं. दारापर्यंत नाही, आत. एकटा माणूस नव्या दारातून एकटा आत जात नसतो, बाई."

"आणि गेलाच तर?"

"तर ते दार कसलं आहे ते बघून यावं."

हिलरीच्या वाट्याला आले आल्बन थ्रेलफॉल. वय एकोणऐंशी, रेल्वेतले जुने सिग्नलवाले, बायको जाऊन दोन वर्षं झालेली. तीन महिन्यांत दवाखान्याच्या अकरा फेऱ्या. कधी गुडघा, कधी कान.

"मिस्टर थ्रेलफॉल, काय दुखतंय ते राहू दे. तुम्हाला हवंय काय?"

"डॉमिनोज," म्हातारा ताडकन म्हणाला. "ठिपक्यांच्या सोंगट्या, चौघांचा डाव. चाल नसली की गडी टेबलावर टकटक करतो ना, तो आवाज. घरी एकटाच खेळतो मी. पण आपणच आपल्याला टकटक करण्यात काय गंमत, पोरी?"

रूथच्या कपाटातल्या जाडजूड फाइलमध्ये हिलरीला नेमकं तेच सापडलं: वेस्ली चॅपलचं तळघर, गुरुवारी दोन ते चार, डॉमिनोज आणि चहा. तिनं फोन लावला. एका बाईनं लगेच उचलला. "पाठवा की," ती म्हणाली. "आमचा चौथा गडी कधीपासून कमी आहे."

त्या गुरुवारी हिलरीची अजून न सुटलेल्या गल्ल्यावर पाळी होती. थ्रेलफॉल एकटेच गेले. कागदावर 'सोबत गेले' अशी ओळ होती, तिच्यापुढे तिनं खूण केली. एका खुणेनं कुणाचं काय जातंय!

त्यानंतर म्हातारा दवाखान्यात फिरकला नाही. चार आठवडे, एकही फेरी नाही. बाजारात भेटला तो खुशीत. "काय पार्किन करते ती विनी! आलं घालून, गूळ घातल्यासारखा काळा केक. तीन-तीन वड्या हाणतो मी. आणि क्लिफर्ड, एक नंबरचा लबाड, सोंगट्या मांडीखाली दडवतो!" कोट त्याच्या खांद्यावरून खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. हिलरीनं तो पाहिला, पण मनात फेऱ्याच मोजल्या. अकरावरून शून्य.

अहवालाच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं ही गोष्ट मोठ्या तोऱ्यात रूथला सांगितली. रूथचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

"क्लिफर्ड? आणि विनी?"

"हो. आणखी एक कुणी एडना."

"हिलरी, तो गट मी बंद केला. साथीच्या हिवाळ्यात तिघंही गेले, तिघांच्याही मातीला मी होते. फाइलमधलं पान काढायचं तेवढं राहिलं." मग तिनं हळूच विचारलं, "पण तू तर सोबत गेली होतीस ना?"

"हो," हिलरी म्हणाली.

दोन वाजता ती चॅपलच्या पायऱ्या उतरली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत भर दुपारी माघातला गारठा. टेबलाभोवती चार खुर्च्या. तिन्हींवर बोटभर धूळ, बोटाचाही ठसा नसलेली. चौथीवर थ्रेलफॉल. चारही बाजूंना सोंगट्या उभ्या मांडलेल्या होत्या.

"आलीस होय!" ते खुलून म्हणाले. "बघ, एडनाची पाळी आहे."

रिकाम्या बशीतून त्यांनी काहीतरी उचललं, तोंडात घातलं, चवीनं चावलं. गालफडांची हाडं वर-खाली झाली. मनगट काडीसारखं. घरी जेवता का, असं हिलरीनं विचारलं.

"इथलं खाल्ल्यावर भूक कुठे राहते?"

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. आणि समोरच्या बाजूनं, धुळीनं भरलेल्या खुर्चीपुढे, टेबलावर दोनदा टकटक झाली.

"तिला चाल नाही," थ्रेलफॉल समाधानानं म्हणाले.

हिलरीच्या डोक्यातलं गणित काही थांबेना. फक्त उद्यापर्यंत गप्प राहायचं. म्हातारा सुखात आहे, दवाखाना सुखात आहे, खुर्ची आपली. अहवालात हाडं मोजायचा रकाना नसतो. तिनं हे सगळं नीट मोजलं, आणि मग पुढे होऊन त्यांच्या काखेत हात घातला.

"उठा, मिस्टर थ्रेलफॉल."

"चालू डाव सोडून? ही काय रीत झाली?"

"उठा म्हणते ना!"

वजन असं नव्हतंच. पायऱ्या चढताना ते लहान मुलासारखे मागे वळत होते. मागून टकटक झाली. एकीकडून, मग तिन्हीकडून. हिलरीनं मान वळवली नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिनाभर याच्या पोटात अन्न असं गेलेलंच नाही, आणखी आठवडाभरात संपलं असतं. "ही जागा आधी बघून कोण आलं होतं?"

"कुणीच नाही," हिलरी म्हणाली. "मी नुसती खूण केली." रूथ शेजारीच उभी होती. तिनं मान खाली घातली.

आता शेवटची बेरीज. दवाखान्याच्या अंगावर म्हाताऱ्याच्या फेऱ्या पुन्हा पडल्या, आता आठवड्याला दोन. रूथला जाता जाता लेखी ठपका मिळाला. हिलरी गल्ल्यावर परत गेली, सुजलेल्या पायांसकट. आणि थ्रेलफॉल? वसंतापर्यंत त्यांचं वजन सहा किलोनं वाढलं. गाण्याच्या गटात त्यांना बसवलं, तिथं जिवंत माणसं त्यांच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलतात. हिलरीच्या गल्ल्यावर ते येत नाहीत. रांग लांब असली तरी पलीकडच्या गल्ल्यावर उभे राहतात. बाकीच्यांनी किंमत म्हणून नोकरी दिली, अब्रू दिली, वेळ दिला. म्हाताऱ्याला मात्र तीन दोस्त द्यावे लागले, तेही त्याला न विचारता.