मुरेपर्यंत

...निळा, पण शाईचा निळा नव्हे. कापसाच्या बोळ्याच्या कडेला तो हिरवट होत गेलेला—आणि तिला वाटलं, एवढासा हा बोळा काय करणार, जिथे औषधांच्या बाटल्यांमागून बाटल्यांनी हात टेकले? सायकलवरून पडल्याचं काय ते निमित्त. लेकीच्या घोट्यावरची जखम चिघळतच गेली, तिच्यातले जंतू कुठल्याच औषधाला दाद देईनात. आज हाही उपाय लागू पडला नाही तर भूल देऊन जखम कापून साफ करायची... भूल, एवढ्याशा जिवाला.

"हा रंग जंतूंना चिकटतो," डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "मग वरून लाल दिवा धरला की तो पेटून उठतो आणि त्यांना संपवतो. पण मुरेपर्यंत अंधार हवा." घोट्यावर काळं कापड घालून, खोलीतला दिवा मालवून त्या गेल्या.

अंधार. पाळण्यात असताना हिच्या नाकाखाली बोट धरून मी श्वास तपासायची. शाळेच्या फाटकातून आत गेली तरी दप्तर दिसेनासं होईपर्यंत उभी राहायची... बघितलं नाही तर काहीतरी बिघडेल, हे मला शिकवलं कुणी? रंग सगळीकडे लागला असेल ना? पार कडेपर्यंत?—हात मोबाइलकडे गेलासुद्धा. कापडाचं टोक उचललं, बॅटरी लावली, नीट, अगदी जवळून...

"डॉक्टरमावशी! आईने बॅटरी मारली!"

डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो आई, तुम्ही आमच्या बाजूच्या की जंतूंच्या? मुरायच्या आधीच उजेड! आता धुऊन पुन्हा लावायला हवं."

"सॉरी, मी फक्त..."

"हात मांडीखाली. दोन्ही."

"मी ठेवते हिच्यावर लक्ष," लेक म्हणाली, आणि पुन्हा दिवा मालवल्यावर खरंच डोळे वटारून बसली.

शाळकरी पोरीसारखी आई बसून राहिली. आधी बोटं वळवळली, मग हातांना मुंग्या आल्या, मग... कापडाखाली काय चाललंय ते दिसत नव्हतं, आणि तरी ते चाललं होतं—तिच्या नजरेवाचून, तिला न विचारता. गंमतच. म्हणजे इतकी वर्षं मी जे डोळ्यांनी उचलून धरलं होतं, ते थोडंफार आपल्या पायांवरही उभं होतं की काय?

"आई, हललीस!"

"नाही गं बाई."

आता लाल दिवा लागेल. गुण येईल, न येईल... एवढ्यात तिला जांभई आली—मोठी, निर्लज्ज, जबडा दुखावणारी—आणि तोंडापुढे धरायला हात मोकळे नव्हते.