श्वास घेणारे बोल्ट

कारखान्याच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. पिंपामागे उभ्या असलेल्या भगव्या कफनीतल्या बाबांनी गंजलेला बोल्ट पिंपातल्या ‘तीर्थात’ सोडला, तसे बुडबुडे फसफसून वर आले.

“बघा, पोलाद श्वास घेतंय! म्हाताऱ्याचा तरणा झाला!” बाबा गरजले. बोल्ट चकचकीत होऊन निघाला आणि मॅनेजरसाहेबांसकट सगळ्यांनी हात जोडले. क्रेनचे जुने सोळा बोल्टही असेच न्हाऊन निघाले. सोमवारी क्रेन सुरू होणार, आणि तिच्याखाली दिवसभर माझा दादा उभा राहणार.

मी तिथल्या चाचणीघरात पोलाद तोडून बघते. पगारच त्याचा मिळतो.

“साहेब, ते ॲसिड आहे,” मी सांगितलं.

“ताई, तुमचं सगळं पुस्तकी!”

दादा तर चिडलाच. “चार बुकं शिकलीस म्हणून जग खोटं?”

पालथ्या घड्यावर पाणी! मला रागानं रडू आलं.

मग एकाच खोक्यातले सहा नवे बोल्ट घेतले. त्यातल्या तिघांना बाबांच्याच हातून न्हाऊ घातलं. साही जण सारख्याच ताणावर यंत्रांत लावून ठेवले. पहिला दिवस काहीच झालं नाही.

“झालं समाधान?” दादा हसला. मी दात-ओठ खात यंत्रांवरचा ताण पुन्हा तपासला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ठाणकन आवाज झाला. न्हालेला एक तुटला होता.

“तुझी नजर लागली,” दादा म्हणाला. संध्याकाळपर्यंत उरलेले दोन्ही न्हालेले तुटले. कोरडे तिघे मुकाट ताण सोसत होते.

मी तीर्थात चमचाभर खायचा सोडा टाकला. ते फसकन उतू गेलं. “ॲसिडच हे. गंज खातं, म्हणून चकाकी येते. बुडबुडे हायड्रोजन वायूचे. त्यातला थोडा पोलादात शिरतो आणि इतकं कणखर पोलाद ठिसूळ करतो. वजनाखाली भेग आतल्या आत वाढत जाते.”

“मग लगेच का नाही तुटला?” दादानं विचारलं.

“भेगेला वेळ लागतो. तेवढ्यात बाबा पुढच्या गावी!”

दादानं तुकडे उचलले, तडक साहेबांच्या टेबलावर ठेवले.

“पण श्रद्धा...” साहेब पुटपुटले.

“असू द्या की. सोमवारी क्रेनखाली पहिले तुम्ही उभे राहा,” दादा म्हणाला.

साहेबांनी त्याच दिवशी नवे बोल्ट मागवले. नमस्कार हवा त्याला करा, बाबांनो. पण डोक्यावर जे टांगायचं, ते आधी तपासून घ्या.