मनकर्णा अक्काची न्हाणी

माझी थोरली जाऊ, मनकर्णा अक्का, हिंगोलीहून गावी परत आली ती एकाच हट्टाने. आपली अंघोळ आपल्या हाताने करायची. लेकाच्या घरी न्हाणीघरात पडली, तेव्हापासून सून प्रियदर्शनी तिला रोज अंघोळ घालत होती. सून गुणाची. पाणी बेताचं कढत घ्यायची, पाठ हलक्या हाताने चोळायची. पण अक्का मला फोनवर म्हणाली होती, "रुपे, कुणी आंघूळ घातली की मेल्यावानी वाटतं गं. मेल्यावरच घालतात ना अशी?"

गावातल्या घरात बांधलेली न्हाणी कधी नव्हतीच. मागच्या अंगणात एक काळा धोंडा होता. आम्ही दोघी जावा नव्या होतो तेव्हा उजाडायच्या आत त्यावर अंघोळ उरकायचो. एकीने पाणी घ्यायचं, दुसरीने लुगडं पसरून आडोसा धरायचा. थंडीने माझे हात लटलट कापायचे आणि अक्का आतून ओरडायची, "सरळ धर की, समदं दिसून राहिलं!" बघायला होतं कोण, तर बाभळीवरचे कावळे. पुढे नळाची चारी खोदताना तो धोंडा फुटला, आणि त्या जागी नुसता चिखल राहिला.

म्हणून अक्काचा लेक विश्वंभर सुट्टी काढून आला. बायकोला घेऊन आला आणि त्याने हरिचंद मिस्तरीलाही बोलावून घेतलं. चार पत्रे उभे करायचे, आणि खाली सिमेंटचा एक चौरस, खाट मावेल एवढा. विश्वंभरने स्वतः माती उकरली, मुरूम टाकला, पाणी मारून चोपणीने चोपला. कडेने फळ्या लावल्या. मग हरिचंदने खडी, वाळू, सिमेंट फावड्याने उलटंपालटं केलं. विश्वंभर घमेली वाहत होता. हिंगोलीत खुर्चीवर बसून बसून त्याचं पोट सुटलेलं, हरिचंद म्हणाला, "साहेब, घमेलं पोटावर ठिवा, हात दुखायचे न्हाईत." अक्का दारात बसून हसली. पडल्यापासून तिला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

माल ओतून झाला. हरिचंदने फळीने तो ओढून घेतला, पाणी जायच्या मोरीच्या बाजूला उतार दिला. थोडा घट्ट झाल्यावर वरून नुसत्या सिमेंटचा पातळ घोळ टाकला आणि लोखंडी थापीने घोटायला बसला. आमच्याकडे चांगल्या कामाची हीच खूण. घोटाई चकाकली पाहिजे, नाहीतर लोक मिस्तरीला नावं ठेवतात आणि घरधन्याला कंजूष म्हणतात. विश्वंभर वरचेवर सांगत होता, "अजून घोट रे. माझ्या मायची न्हाणी हाय. तोंड दिसलं पायजे."

दुपार कलताना त्याने सगळ्यांना हाक मारली. खरंच, आरशासारखं झालं होतं. वरचं आभाळ त्यात दिसत होतं.

"माय, पाह्य! हिंगोलीत न्हाई असली कुणाची."

"लई ब्येस झाली रे," अक्का म्हणाली. पण तिने दाराची चौकट घट्ट धरली होती आणि चपलेतली पायाची बोटं आत वळली होती. मग ती घरात गेली.

मी मागोमाग गेले. ती चुलीपाशी बसली होती, चूल विझलेली असून.

"काय झालं, अक्का?"

"काय न्हाई."

"मला नका सांगू. मी तुमाला कालपासनं न्हाई ओळखत."

ती हळू आवाजात बोलू लागली. "मला चक्कर न्हवती आली गं, रुपे. पाय घसरला. त्या फरश्या अशाच गुळगुळीत. पण सूनबाईनं दुकानं फिरफिरून आणल्या होत्या, येईल त्याला दाखवायची. फरशीनं पडले म्हनलं असतं तर पोरगी जल्मभर मनाला लावून घेती. म्हून चक्कर म्हनलं." बाहेर थापीचा आवाज येत होता. तिने तिकडे मान वळवली. "आता हीबी तशीच. माझा पाय न्हाई पडायचा तिच्यावर. पुन्हा दुसऱ्याच्या हाताखालीच बसावं लागन."

"मग बोला ना. सिमेंट ओलं हाय तवर बोला."

"पोराला कसं सांगू? हात सोलून घेतले त्यानं."

हे तिच्या जागी मी सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि बाहेर गेली.

"विश्वा, मला तवा चक्कर न्हवती आली. फरशीवरून पाय घसरला."

विश्वंभर बघतच राहिला. "अन् मग ती चकरेची गोळी? रोजची?"

"खाल्ली की. तू आणत होतास."

हरिचंद तोंड फिरवून हसला. प्रियदर्शनी मात्र हसली नाही. तिचे डोळे भरले. "आत्याबाई, मला काहून न्हाई सांगितलं? मी फरश्या उखडल्या असत्या."

"म्हून तर न्हाई सांगितलं."

अक्काने मिस्तरीकडे बोट केलं. "हरिचंद, हे खरबरीत कर बापा."

"मावशी, एवढ्या घोटाईवर आता नांगर फिरवू?" तो कळवळला. "लोक म्हनतील, मिस्तरीला काम येत न्हाई."

"लोक येतात का माझी आंघूळ पाह्याला?"

हरिचंद ओरखडे ओढायला खराटा शोधू लागला, पण अक्का म्हणाली, "खराटा नको. सारवल्यावानी करू." ती कडेला पाटावर बसली. सिमेंटने कातडी जळते म्हणून हरिचंदने तिच्या हाताला कॅरीबॅग बांधली. चार बोटं टेकवून तिने पहिली कमान ओढली, मग तिला लागून दुसरी. शेणाने अंगण सारवताना ओढायची तशीच. मला सारवायला तिनेच शिकवलं होतं; माझ्या कमानी कायम वाकड्या.

"मोरीकडं ओढा, मावशी," हरिचंद आता वाकून बघत होता. "आडवं वढलं तर पाणी थांबून शेवाळ धरल."

तिचा हात पोचेना, तिथे प्रियदर्शनी उकिडवी बसली. पोरीने जन्मात कधी सारवलं नव्हतं.

"सूनबाई, मांजरानं बोचकारल्यावानी दिसून राहिलं ते."

"घसरनार तर न्हाई ना?"

"न्हाई. मांजरावर कोन घसरतं?"

तेव्हा कुठे पोरगी हसली. विश्वंभर सोललेले तळहात चोळत उभा होता. त्याने जाऊन मोरीजवळ पकडायला एक लोखंडी दांडा रोवला.

ती दोघं हिंगोलीला गेली. आम्ही कडेने मातीचं आळं करून न्हाणीवर पाणी साचवून ठेवलं, ती पक्की होऊ दिली. मग पत्रे लागले.

पहिल्या दिवशी मी कढत पाण्याची बादली आत ठेवली आणि टॉवेल घेऊन बाहेरच पायरीवर टेकले. अक्का न्हाणीच्या कडेला अनवाणी उभी राहिली. एक पाय टेकवला, दाबून पाहिला, मग दुसरा.

"जा गं तू," आतून आवाज आला. "कान देऊन बसू नको तिथं."

मी टॉवेल पत्र्यावर टाकून घरात आले. तेवढ्यात विश्वंभरचा फोन.

"काकू, माय कुठंय?"

"आंघूळ करून राहिली."

"संगं कोन हाय?"

"कोनी न्हाई."

फोनमध्ये मागून प्रियदर्शनी काय झालं म्हणून विचारताना ऐकू आली. मागच्या अंगणात तांब्याने पाणी पडत होतं, थांबत होतं, पुन्हा पडत होतं. अक्काला कसलीच घाई नव्हती.

"करू द्या," तो म्हणाला. "मी मंग लावतो फोन."