उत्तराचं निशाण

महायुद्ध संपलं आणि ब्रिटिश आरमाराची मोडतोड सुरू झाली. दोन ताफ्यांचा एक करायचा, उरलेल्या बोटी गोदीत गंजायला बांधून ठेवायच्या, असं लंडनमध्ये खुर्च्यांत बसून ठरलं. आजच्या कवायतीत जी बोट चुकेल ती पहिली कापली जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. 'टर्नस्टोन' विनाशिकेचा कप्तान पेंगेली याला तर घासही गेला नव्हता. बोट गेली की तोही घरी आणि त्याचे खलाशीही.

उत्तर समुद्रात चार विनाशिका शेजारी-शेजारी भरवेगात निघाल्या होत्या. ॲडमिरलच्या जहाजावर तीन निशाणं चढली.

"सगळ्यांनी एकदम वळायचंय, साहेब," इशारे वाचणारा हॉस्किन ओरडला. "पण कुठं? तिसरं निशाण धुरात गेलंय!"

रिवाज साधा होता. इशारा दिसला की उत्तराचं निशाण अर्ध्यावर चढवायचं, कळला की टोकाला. सगळ्यांची टोकाला गेली की ॲडमिरल आपली निशाणं उतरवतो आणि त्याच क्षणी वळायचं. बाकी तिघींची केव्हाच टोकाला गेली होती.

"आपणच मागे राहिलो," दुय्यम अधिकारी लीथम कुजबुजला. "सगळे बघतायत."

"टोकाला घ्या," पेंगेली म्हणाला.

"पण कळलंय कुठं, साहेब?" हॉस्किन म्हणाला.

"तोवर धूर हटेल. घे म्हणतो ना!"

निशाण वर गेलं. धूर मेला हटेना. पेंगेलीने बाजूला पाहिलं. डावीकडची 'लिनेट' इतकी जवळ होती की तिच्यावरच्या माणसांचे चेहरे दिसत होते. लाज राखायला यांना मारणार होतो? गाढव मी!

"खाली घे! अर्ध्यावर! भोंगा वाजवा!"

"बोट हातची जाईल, साहेब," लीथम म्हणाला.

"जाऊ दे!"

अख्ख्या आरमारादेखत निशाण खाली आलं. तिकडे ॲडमिरलची निशाणं उतरायला लागली होती, ती थबकली आणि पुन्हा चढली. धूर फाटला.

"उजवीकडे!" हॉस्किन ओरडला.

पेंगेलीने मनात डावीकडे धरलं होतं. म्हणजे थेट 'लिनेट'च्या अंगावर.

चौघी बिनबोभाट वळल्या. थोड्या वेळाने ॲडमिरलच्या जहाजावरून दिवा लुकलुकला.

"टर्नस्टोनने रांग सोडून गोदीत परतावं," हॉस्किनने वाचलं.

पेंगेलीचे डोळे भरून आले. ते त्याने लपवले नाहीत.

"नीट कळलं ना?"

"कळलं, साहेब."

"मग तसं कळव."