देव आत मशीनवर बसलाय

सलूनवाल्याचा योद्धा मेला. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू. योद्धा ठणठणीत आहे आणि मी, ताई आणि कोपऱ्यावरचा सलूनवाला असे आम्ही तिघं ताईच्या खोलीत फासे टाकत बसलोय.

ताई म्हणजे माझी बहीण. आमच्या खेळात प्रत्येकाचं एक पात्र असतं; बाकीचे राक्षस, राजे, वादळं, सगळं तीच चालवते. देव मात्र तिला झेपेना, म्हणून ते काम तिने आत्याला दिलं. आत्या शेजारच्या खोलीत लोकांचे कपडे शिवते. मी खेळातला पुजारी. कुणाची जखम भरायची असली की मी त्या बंद दारावर टकटक करून मागायचं. आतून येईल ते देवाचं उत्तर.

त्या सोमवारी ड्रॅगनने योद्ध्याला कमरेपर्यंत गिळलं.

"हा गेला तर मीही गेलो," सलूनवाला म्हणाला. "सोमवारी दुकान बंद असतं. घरी मस्त झोपेन."

तो बोलतो ते करतो. मग उरणार मी आणि ताई, आणि आमचं तर पंख्याच्या वेगावरूनही पटत नाही.

मी टकटक केलं. "देवा, योद्ध्याला वाचव."

मशीनची घरघर. "हो रे हो."

मी हुश्श केलं. तोच ताई उठली. ड्रॅगनचाही एक पुजारी होता म्हणे, आणि त्याचाही देव हाच. घोगऱ्या आवाजात ती दाराशी म्हणाली, "देवा, योद्धा मरू दे."

"हो गं हो."

"आत्या, तू दोघांनाही हो म्हणालीस," मी म्हणालो.

"मग? दोघंही माझीच ना."

"हे देव म्हणून बोलतेस की आत्या म्हणून?"

"बाही जोडतेय. नंतर विचार."

शेवटचं 'हो' खरं धरायचं, असा नियम ताईने सांगितला. कधीपासून, तर आत्तापासून.

सलूनवाला स्वतःच दाराशी गेला. "आत्या, मी मरतोय हो."

"असा कसा मरशील? जेवून जाणारेस ना?"

"वाचला," मी म्हणालो.

"हा पुजारी नाही," ताई म्हणाली. "देव याचं ऐकत नाही."

"आत्ता ऐकलं की."

"ते आत्याने ऐकलं. म्हणजे योद्धा मेला."

सलूनवाला व्यवस्थित जेवला, फासे खिशात टाकले आणि गेला. मी दाराखालून चिठ्ठी सरकवली:

प्रति, माननीय देव, शिलाईची खोली. सदर योद्ध्यास सोमवार वगळता इतर सर्व दिवशी मृत समजण्यात यावे, व तसे लेखी आदेश ड्रॅगनला देण्यात यावेत, ही नम्र विनंती.